लॅटिनवाले फादर आमच्या घरी आले तेव्हा

आमच्या चर्चचे फादर मिस्सा, म्हणजे रविवारची उपासना, झटपट उरकायचे. प्रवचनात क्रिकेट यायचं, माइक शिट्ट्या मारायचा आणि कीबोर्ड वाजवणारा गडी ताल चुकला की स्वतःच हसायचा. मी तेव्हा नवापूरजवळच्या एका पोल्ट्रीत सुपरवायझर होतो. बी.ए. झालेल्या माणसाने कोंबड्यांच्या शेडचं तापमान बघत हिंडायचं, याला आमच्याकडे मुलगा मार्गी लागला म्हणतात. लहानपणापासून मला फादर व्हायचं होतं. पण आमच्या फादरांकडे बघून वाटायचं, एवढ्यासाठी लग्न सोडायचं?

मग मोबाइलवर मला जुनी मिस्सा सापडली. फादर वेदीकडे तोंड करून उभे, लोकांकडे पाठ, सगळं लॅटिनमध्ये आणि हळू आवाजात. एक शब्द कळत नव्हता, तरी दुपारच्या सुट्टीत शेडच्या पायरीवर बसून मी ती शेवटपर्यंत बघायचो. घरी आम्ही कोकणी बोलतो. समुद्राकडची नव्हे, डोंगरातल्या आदिवासींची. शाळेत मराठी चुकली की गुरुजी हसायचे, सुरतेला गुजराती चुकली की दुकानदार हसायचा. लॅटिन मात्र कुणाच्याच आईची नव्हती. तिच्यापुढे सगळे सारखेच परके. मला ते फार आवडलं.

असे जुन्या पद्धतीचे काही फादर अधूनमधून सुरतेला येतात असं कळलं. मी मेसेज केला. त्यांची स्वतःची सेमिनरी, म्हणजे फादर घडवायची शाळा, परदेशात होती आणि तिथे जायची इच्छा असलेल्या मुलांसाठी सुरतेत शिबिर होतं. देव आपल्याला खरंच बोलावतोय का, हे तिथे शांतपणे तपासायचं. मी रजा टाकून गेलो.

शिबिर एका भाड्याच्या बंगल्यात होतं. फादर मुंबईकडचे, पन्नाशीचे, गोरे, काळ्या लांब झग्यातले. झग्याला गळ्यापासून पायापर्यंत बटणं. देवाच्या हाकेबद्दल त्यांनी पहिल्या दिवशी थोडं सांगितलं आणि मग जे कपड्यांवर आले ते तिथेच राहिले. कुठल्या सणाला कुठला रंग, लेस किती रुंद असावी, सुरतेचा कोणता कारागीर जरीकाम नीट करतो आणि कोणता फसवतो. आम्ही मुलं माना डोलवत होतो. गुडघा टेकताना पाठ वाकली म्हणून एका मुलाला त्यांनी इतकं झापलं की तो रडकुंडीला आला. माझे लॅटिन उच्चार ऐकून ते म्हणाले, "जंगलातून आलास ना, जीभ जड आहे." मी त्यावर हसलो. हसण्याची सवय होती.

तरीही त्या बंगल्यात पहाटे मिस्सा व्हायची तेव्हा मला काहीतरी व्हायचं. झापणारा तो माणूस वेदीपाशी गेला की गप्प व्हायचा आणि त्या गप्प राहण्यात मला देव जवळ वाटायचा. हे मी आजही नाकारत नाही. देवाने कुणाच्या तोंडून बोलावं याला काही धरबंध नाही.

शेवटच्या दिवशी एकेकाला आत बोलावून चौकशी झाली. आईबापाचं लग्न चर्चमध्ये झालं का, घरात कोण दारू पितं, घरात कोण ख्रिस्ती नाही. शेवटच्या प्रश्नाला मी खरं ते सांगितलं. आमचं घर एकच, पण आजोबांच्या काळापासून दोन भागांतलं. माझ्या वडिलांनी बाप्तिस्मा घेतला, त्यांच्या थोरल्या भावाने घेतला नाही. मोठे बाबा अजून कणसरीला मानतात. कणसरी म्हणजे धान्याची आई. तिची टोपली त्यांच्या खोलीच्या कोपऱ्यात असते, त्यात भाताची कणसं आणि नागलीचे, म्हणजे नाचणीचे, दाणे. नवं पीक आलं की आधी तिला, मग आम्हाला.

फादरांनी डोळे मिटले. "मी तुझ्या घरी येईन," ते म्हणाले.

ते आले एप्रिलच्या उन्हात. नंदुरबारहून भाड्याची जीप केली होती. आमच्या पाड्याच्या चढापाशी ड्रायव्हर म्हणाला, "फादर, आते पायी चाला. मन्ही गाडी आठेच ऱ्हाई." फादर झगा वर धरून चढू लागले. काळं कापड, भर दुपार. पाड्यातली सगळी पोरं मागे. मी त्यांना छत्री देऊ केली, तर त्यांना छत्रीचा रंग आवडला नाही.

आईने सकाळपासून तयारी केली होती. अंगण सारवलेलं, कोंबडी शिजलेली, नागलीच्या भाकरी फडक्यात. माझी आई रोज जपमाळ करते. पोटशूळ असो, लावणी असो, तिची जपमाळ चुकत नाही. फादरांचा हात तिने कपाळाला लावला. फादर तिच्याशी एक अक्षर बोलले नाहीत. त्यांनी मला विचारलं, "ते कुठे आहे?"

मोठे बाबा ओट्यावर बसले होते. त्यांना मराठी बेताची येते, फादरांची मराठी तर त्याहून बेताची. मधे मी दुभाषा. फादर इंग्रजीत म्हणाले, "त्यांना सांग, ही टोपली म्हणजे सैतानाची वस्तू आहे. ती घरात असेपर्यंत या घरातून पुरोहित निघू शकत नाही."

मी मोठ्या बाबांकडे वळून कोकणीत म्हणालो, "फादर विचारतात, यंदा नागली कशी झाली?"

"बरी झाली," मोठे बाबा खुशीत म्हणाले. "पाऊस उशिरा आला, पण तिने सांभाळलं. फादरांना बांधून देतो थोडी."

"काय म्हणाले?" फादरांनी विचारलं.

"विचार करतो म्हणाले."

अशाने दिवस निभावला असता. पण फादरांना निभावायचं नव्हतं. ते झग्याच्या बाह्या सावरत सरळ आत गेले, टोपली उचलली आणि बाहेर आणून अंगणात ठेवली. ठेवली कसली, टाकलीच. दाणे सांडले आणि कोंबड्या धावल्या. मोठे बाबा उठायला गेले, पण गुडघ्यांनी साथ दिली नाही. ते तसेच अर्धवट वाकून उभे राहिले. माझे वडील, जे चर्च कमिटीत आहेत आणि एरवी गावभर बोलतात, ते जमिनीकडे बघत होते. मीही उभाच होतो.

पुढे गेली आई. तिने कोंबड्या हाकलल्या, खाली बसून दाणे पदरात गोळा केले, टोपलीत भरले आणि टोपली आत नेऊन होती तिथे ठेवली. बाहेर येऊन तिने हात धुतले. मग ती फादरांशी मराठीत बोलली, शाळेतल्या बाईंशी बोलायची तशी, शब्द जुळवत.

"फादर, मी येशूची आहे. ही टोपली माझ्या जेठांची आहे. मी सून म्हणून आले तेव्हा यांनीच मला चर्चला पाठवलं, कधी अडवलं नाही. जेवायचं असेल तर हात धुवा. नसेल तर मुलगा गाडीपर्यंत सोडेल."

फादर जेवले नाहीत. त्यांनी मला खूण केली आणि चालू लागले.

उतरताना ते मला समजावत होते. माझं पाचारण, म्हणजे मला आलेली देवाची हाक, खरं आहे, पण घर आड येतंय. जो माझ्यापेक्षा आईबापावर अधिक प्रीती करतो तो मला योग्य नाही, असं प्रभूनेच म्हटलंय. मी घर तोडावं, त्यांच्याबरोबर सुरतेला यावं, तिथून पुढचं ते बघतील. मी विचारलं, "फादर, तुमची आई कुठे असते?"

"कॅनडात, भावाकडे," ते म्हणाले आणि त्यांचा चेहरा पहिल्यांदाच मऊ झाला. "दर नाताळला जातो मी. माझ्याशिवाय ती केक कापत नाही."

या माणसाने मघाशी माझ्या आईकडे धड बघितलंही नव्हतं. जीपचं दार मी लावून दिलं. ड्रायव्हरने मला विचारलं, "जेवण व्हयनं का फादरनं?" आणि माझं तोंड बघून गाडी सुरू केली.

आमच्या चर्चच्या फादरांना हे कळलं तेव्हा ते पोट धरून हसले. "मुंबईचा माणूस, नागलीला सैतान म्हणतो!" मग लगेच म्हणाले, "आमच्याकडे ये की. आमच्या सेमिनरीत जागा रिकाम्या आहेत." हॉस्टेलला मुलं कमी पडली की वॉर्डन बोलतात, तसं. माझ्या मनात काय चाललंय हे त्यांनीही विचारलं नाही. एकाला माझं घर नको होतं, दुसऱ्याला फक्त माझं डोकं मोजायचं होतं. अशांच्या हाती देवाने आपलं दुकान का दिलं असेल, याचा मी त्या उन्हाळ्यात पुष्कळ विचार केला.

शिबिरातला रडकुंडीला आलेला मुलगा परदेशी गेला आणि वर्षाच्या आत परतला. आता तो सुरतेत उधन्याला मोबाइल दुरुस्त करतो. लॅटिनवाल्या फादरांचं त्यांच्याच मंडळींशी बिनसलं. कुठल्या सालचं प्रार्थनापुस्तक खरं, यावरून. ते वेगळे झाले. हल्ली फोटो टाकतात, बहुतेक झग्यांचे.

मी वर्षभर पोल्ट्रीतच राहिलो आणि मग आमच्याच धर्मप्रांताच्या सेमिनरीत गेलो. तिथल्या रेक्टरांनी, म्हणजे सेमिनरीच्या प्रमुखांनी, तासभर माझं ऐकून घेतलं आणि शेवटी म्हणाले, "अजून राग आहे तुझ्यात. असू दे, पण तो लपवू नकोस." मी लपवत नाही. इथेही लेसवेडी मुलं आहेत, इथेही क्रिकेटवेडे फादर आहेत, आणि त्यांच्याबद्दल मला जे वाटतं ते मी दर महिन्याला रेक्टरांना सांगतो. ते कंटाळले आहेत. फादर होईन की नाही, अजून ठरलेलं नाही. सुट्टीत घरी गेलो की मोठे बाबा मला शेजारी बसवून विचारतात, तिकडे पोटभर देतात ना. मी हो म्हणतो. आई आतून ओरडते, "खोटं बोलतोय, वाळलाय बघा," आणि भाकरी थापायला घेते.