धोंड्याचं जेवण आणि माझं कोलेस्टेरॉल

सासरवाडीत पाटावर बसून, तोंडातून एक अक्षर न काढता, मी एकदा मेहुण्याची नवीकोरी मोटारसायकल मागितली. खरं तर मला फक्त तूप नको होतं.

त्याचं झालं असं. मी केडगावात राहतो आणि एमआयडीसीतल्या एका कंपनीत खुर्चीवर बसून काम करतो. (बसण्यात मी कधीच कुचराई केली नाही.) वय अठ्ठावीस. सकाळी मिसळ, दुपारी डबा, संध्याकाळी वडापाव, आणि व्यायाम म्हणाल तर मोबाईलचा चार्जर शोधणं. कंपनीने सगळ्यांचं रक्त तपासलं, तेव्हा माझा रिपोर्ट बघून डॉक्टरमॅडमनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि विचारलं,

"घरात कुणाला हार्टचा त्रास?"

"वडलांना. मागच्या वर्षी स्टेंट बसवली."

"मग तुम्ही त्यांच्या मागेच रांगेत उभे आहात! दोन महिने देते. चाला, तेल-तूप-तळण बंद करा. आकडा उतरला नाही तर गोळी सुरू."

मी घाबरलो. खोटं कशाला बोलू? आण्णांना, म्हणजे वडलांना, दवाखान्यात नेलं तेव्हा रिक्षात मी त्यांचा हात धरून बसलो होतो आणि तो हात गार पडला होता. रिपोर्टच्या दिवसापासून मी शिस्तीला लागलो.

आणि असा लागलो म्हणता! पहाटे पुणे रोडच्या कडेने असा तरातरा चालायचो, की दूधवाले गाडी थांबवून विचारायचे, "काय झालं, कुनी वारलं का?" बायको अश्विनी शाळेत शिक्षिका. तिने माझं वेळापत्रक करून फ्रिजवर चिकटवलं, मधल्या सुट्टीसकट. वडापावच्या गाडीसमोरून मी मान वळवून जायचो. बरं, आपण सुधारलो तर गप्प बसावं की नाही? मी एका बारशाला गेलो आणि पंगतीत शेजारच्याला जिलबीचे दुष्परिणाम समजावून सांगितले. तो बाळाचा बाप होता. त्यानंतर आमच्या गल्लीत मला बोलावणी येणं जवळजवळ बंद झालं.

फक्त एक माणूस बधत नव्हता. आण्णा. स्टेंट बसवून घेतली, पण तंबाखूची चंची काही सुटेना.

"आण्णा, डॉक्टरांनी काय सांगितलंय?"

"डॉक्टरनी तुलाबी सांगितलंय. आधी तुझा आकडा खाली आन. त्या दिवशी ही चंची गटारात टाकतो."

"शब्द?"

"शब्द! पर एक दिवस जरी घसरलास, तरी पुन्हा तंबाखूचं नाव काढायचं न्हाई."

म्हणजे बघा, माझ्या ताटावर नुसतं माझं नाही, आण्णांचंही काळीज टांगलेलं. दोन महिने मी दातावर दात ठेवून काढले. पुन्हा रक्त सोमवारी द्यायचं होतं. आणि आदल्या दिवशी, रविवारी, सासरहून बोलावणं आलं. धोंड्याचं!

लग्नानंतरचा आमचा पहिला अधिक महिना. या महिन्यात जावई म्हणजे साक्षात नारायण. त्याला लेकीसकट घरी बोलवायचं, पाय धुवायचे, दिवा ओवाळायचा, पोशाख करायचा आणि धोंडे खाऊ घालायचे. धोंडा म्हणजे कणकेच्या गोळ्यात पुरण भरून तळायचं, वर अंगठ्याने खड्डा पाडायचा आणि त्या खड्ड्यात साजूक तुपाची विहीर भरायची. डॉक्टरमॅडमनी जे जे बंद केलं होतं, ते सगळं एकाच पदार्थात!

सासर राहात्याजवळ, पेरूच्या बागेत. माझ्या आईचे गुडघे धरले होते म्हणून ती घरी राहिली, आणि व्याही म्हणून आण्णा गाडीत पुढे बसले. मनमाड रोडवर अश्विनीने मागून सूचना दिल्या.

"एक धोंडा खायचा, तोही कोरडा. आणि हे बघ, आजाराबद्दल माझ्या आईसमोर एक शब्द काढायचा नाही. ती कुणाचंही दुखणं ऐकलं की स्वतः अंथरूण धरते."

हे मात्र खरं होतं. आण्णांची स्टेंटसुद्धा आम्ही सासरी 'पित्ताचा त्रास' म्हणून खपवली होती.

"मग नको का म्हणायचं? कारण काय सांगू?"

"काही सांगू नकोस. गोड हसायचं!"

आण्णा आरशात बघून आत्ताच गोड हसत होते.

सगळं यथासांग झालं. पाय धुतले, ओवाळलं, नवा शर्ट-पँट, टोपी-टॉवेल, सगळं मिळालं. पुरुषमंडळी पाटावर बसली. अश्विनी आत धोंडे तळायला गेली. सासूबाई (मी त्यांना मामी म्हणतो) तुपाची भलीमोठी वाटी घेऊन आल्या.

"जावईबापू, तूप."

"नको मामी."

आता सासरच्या पंगतीत जावयाच्या पहिल्या 'नको'चा अर्थ 'वाढा' असाच धरतात. मामींनी वाटी उपडी केली. धोंडे तरंगायला लागले. मी गोड हसलो आणि ताट दोन बोटांनी पुढे सरकवलं.

ही चूक! आमच्याकडे जावयाने धोंड्याचं ताट पुढे सरकवलं, तर त्याचा अर्थ 'पोट भरलं' असा होत नाही. जावई रुसला, असा होतो. आणि रुसलेला जावई काहीतरी घेतल्याशिवाय उठत नाही, हे लहान पोरालाही ठाऊक असतं. मलाच तेवढं आठवलं नाही, कारण माझं सगळं लक्ष त्या तुपात होतं.

सासऱ्यांचा, म्हणजे मामांचा, घास हातात राहिला. ते आण्णांकडे झुकून (सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या हळू) म्हणाले, "व्याही, पाव्हनं रुसलं का काय?"

आण्णांनी एक शब्द बोलून मला सोडवायचं की नाही? पण मी घसरलो तर त्यांची चंची शाबूत! ते म्हणाले, "मला काय इचारता? पाव्हनं तुमचं हाय." आणि आणखी एक धोंडा वाढून घेतला.

"पोशाख आवडला न्हाई का?" मामा.

"लई आवडला."

"मग खा की!"

मी गोड हसलो. त्या हसण्याने मामा आणखीच घाबरले. लग्नात मी छाती काढून 'नारळ-सुपारीत लग्न, मला काही नको' म्हणालो होतो. ते सगळं आता दोन वर्षांनी व्याजासकट वसूल होतंय, असं त्यांना वाटलं असावं. त्यांनी खरकटा हात ताटात झटकला आणि बोटातली अंगठी ओढायला सुरुवात केली.

"मामा, अहो काय करताय? राहू द्या!"

"न्हाई न्हाई, आमचंच चुकलं. सोपान, साबन आन!"

सोपान माझा मेहुणा. त्याने साबण आणला. पंगतीत बसल्या बसल्या मामांच्या बोटाला फेस आला, मामांनी दात-ओठ खाऊन हिसका दिला आणि अंगठी उडून थेट आण्णांच्या कटाच्या आमटीत पडली! आण्णांनी ती शांतपणे पळीने काढली, पुसली आणि परत मामांच्या हातावर ठेवली.

"अंगठी नगं असंल त्याला," ते म्हणाले. जन्मदाता बाप!

"मंग गाडीच!" मामांनी मांडीवर थाप मारली. "सोपान, चावी दे दाजींना."

सोपानचा चेहरा बघवेना. दसऱ्याला मोटारसायकल घेतली होती, सीटचं प्लॅस्टिकसुद्धा काढलं नव्हतं. त्याने चावी खिशातून काढली, पण हातातून सोडेना.

"दाजी, दुसरं कायबी मागा. म्हैस न्या! पर गाडी..."

तेवढ्यात अश्विनी हातात झारा घेऊन बाहेर आली. माहेरी ती मला 'अहो' म्हणते. नुसतं 'नितीन' म्हणाली, म्हणजे प्रकरण हाताबाहेर गेलं!

"नितीन! तू गाडी मागितलीस?"

"मी काहीच मागितलं नाही गं!"

"मग चावी कशाला काढलीय त्याने? नारळ-सुपारी म्हणत होतास ना? लाज नाही वाटत?"

झाऱ्यातलं गरम तेल माझ्या नव्या टोपीवर ठिबकलं आणि माझा बांध फुटला. "मला गाडी नको, अंगठी नको, म्हैस नको! मला कोलेस्टेरॉल आहे! तूप खाल्लं तर हार्टला त्रास होईल म्हणून ताट सारलं!"

मग मामी मटकन खाली बसल्या.

"अगं बया! काळजाचा आजार! एवढंसं पोर! माझ्या लेकीचं कसं व्हायचं गं!"

मामा ताडकन उठले. आता त्यांच्या आवाजात पाहुणचार उरला नव्हता. "व्याही, लग्नाच्या वक्ताला का लपवलं तुमी?"

आण्णांचा घास घशात अडकला. इतका वेळ मजेत बघणारा माणूस एकदम आरोपी झाला होता. "अवो, त्याला काय धाड भरलीय? घोड्यावानी पळतोय रोज! स्टेंट मला बसवलीय, मला!"

बोलून गेले आणि मग त्यांनी जीभ चावली. पण व्हायचं ते झालं होतं. मामींचं रडणं तिथल्या तिथे थांबलं. त्या आता अंथरूण धरणार, म्हणून अश्विनी पुढे धावली. त्यांनी धरलं ते आण्णांचं ताट.

"तुमाला? काळजाची? अन् मंग ह्यो सातवा धोंडा कुनाचा?"

"तसं न्हाई व्हीनबाई, अधिक महिना..."

"ताट हिकडं द्या!"

आण्णा कधी कुणाचं ऐकत नाहीत. माझं नाही, आईचं नाही, डॉक्टरचं तर मुळीच नाही. पण व्याह्याच्या घरी विहिणीला उलट बोलायचं कसं? ताट गेलं. मामींची नजर खिशाकडे वळली.

"अन् ते काय फुगलंय? तंबाखू? काढा ती."

आण्णांनी चंची काढली. सोपानने ती झडप घालून घेतली आणि उकिरड्यावर भिरकावून आला. गाडी वाचल्याचा सगळा आनंद त्याच्या त्या फेकण्यात होता.

"तुमी भांडला तरी चालंल मला," मामी ताट छातीशी धरून म्हणाल्या. "पर माझी लेक तुमच्या घरात हाय. तिच्या डोक्यावर तुमचा हात ऱ्हायला पायजे. तुमी गेल्यावर आमी कुनाला व्याही म्हनायचं?"

आण्णांनी उपरण्याने डोळे पुसले आणि ते पुटपुटले, "सोडली. आजपासून सोडली." दोन महिने मी ढोर मेहनत करून जे साधलं नव्हतं, ते मामींनी एका वाक्यात साधलं. मला भडभडून आलं. सगळेच हळवे झाले, मामा आण्णांच्या पाठीवरून हात फिरवायला लागले, आणि अश्विनीचा आवाज आला.

"नितीन. ताटातले धोंडे कुठे गेले?"

मी खाली बघितलं. ताट लख्ख होतं. तुपाचा थेंब नव्हता. देवाशप्पथ, ती सगळी रडारड चालू असताना माझा हात कधी चालला, मला माहीत नाही! लोक टेन्शनमध्ये नखं खातात. माझ्यासमोर नखं नव्हती, धोंडे होते.

सोमवारचा रिपोर्ट आला. कोलेस्टेरॉलचा आकडा उतरला होता आणि ट्रायग्लिसराइड्सचा, म्हणजे आदल्या दिवशीच्या तुपाचा, चढला होता. मॅडमनी चष्मा पुसून विचारलं, "काल काय खाल्लंत?" मी म्हणालो, "प्रसाद." त्यांनी आणखी एक महिना वाढवून दिला.

आण्णांना आता रोज संध्याकाळी राहात्याहून व्हिडिओ कॉल येतो. आधी तोंड उघडून दाखवायचं, मग ख्यालीखुशाली. पहाटे तेच माझी चादर ओढतात, रस्त्याने माझ्या चार पावलं पुढे चालतात आणि वडापावच्या गाडीपाशी वळून माझ्याकडे बघतात. घराला शिस्त लागली ती माझ्यामुळेच, असं मी सगळ्यांना सांगत असतो. फक्त सांगताना तोंडात काही असू नये, एवढं एक पथ्य मात्र मी काटेकोर पाळतो!