नलूचा फोन मी पालथा ठेवला

हे आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. भाजीवाल्याशी झालेली कुरबूरसुद्धा मी घरी येऊन नवऱ्याला सांगते — पण हे नाही. तुम्हालाच का सांगतेय? मलाही नीट कळत नाही. बहुधा तुम्ही नलूला ओळखत नाही म्हणून.

मी डोंबिवलीत योगाचे वर्ग घेते, तळमजल्यावरच्या माझ्याच घरात. मध्यंतरी माझी झोप पार उडाली होती. मान धरायची, डोळे चुरचुरायचे. डॉक्टरांनी विचारलं, फोन किती बघता? मी खरा आकडा सांगितला नाही. घरी आले आणि वर्गातल्या बायकांपुढे विषय काढला — रविवारी दिवसभर फोन बाजूला ठेवायचा का? सात-आठ जणी तयार झाल्या. वर्ग संपला की माझ्याकडेच थांबायच्या. कुणी विणायला घ्यायची, कुणी पत्ते पिसायची, ऊन उतरलं की सगळ्या मिळून खाडीपर्यंत चालत जायचो. आणि बरं वाटायचं, अगदी मनापासून. मला झोप लागायला लागली. एवढा भाग तरी खरा आहे.

फोन स्वयंपाकघरातल्या परातीत ठेवायचो. बंद करायचे नाहीत असं ठरलेलं — घरी कुणाला काही झालं तर? वाजला तर मी उचलून जिचा तिला नेऊन द्यायचा. मेसेज मात्र संध्याकाळी. चहापाणी मीच बघायचे, त्यामुळे परातीजवळ सारखी मीच.

पहिल्यांदा नजर सहज गेली. एक स्क्रीन उजळली — ‘भेंडी आणू की गवार?’ कुणाच्या तरी नवऱ्याचा मेसेज. मला हसू आलं. पुढच्या रविवारी मी सगळे फोन सुलटे मांडून ठेवले. का? कुणाचा वाजतोय ते कळावं म्हणून, असं मी स्वतःला सांगितलं. मग कळत गेलं — कुणाची नणंद रुसलीय, कुणाचा मुलगा बंगलोरहून पैसे मागतोय, कुणाला कुणीच काही पाठवत नाही. उघडून कधी वाचलं नाही हो मी. वर येईल तेवढंच. पण येण्याची वाट बघायचे. माझा फोन सुटला होता — की मी फक्त दुसऱ्यांचे बघायला लागले होते?

एकदा पत्ते वाटता वाटता नलूनेच विचारलं, “काय गं, आमचे मेसेज वाचत नाहीस ना?”

सगळ्या हसल्या. मीही हसले. “मला तेवढाच उद्योग आहे का?” म्हटलं.

नलू म्हणजे माझी सगळ्यात जवळची मैत्रीण, वरच्या मजल्यावरची. तिच्या अश्विनीने घरच्यांच्या मनाविरुद्ध लग्न केलं आणि ती भोपाळला गेली. स्वतःच्या नवऱ्यापुढे नलू गप्प बसली, आणि पोरीने तेच मनाला लावून घेतलं. तेव्हापासून बोलणं बंद. नातू झाल्याचंही नलूला तिसऱ्याकडून कळलं. त्या काळात ती फोन हातातून सोडायची नाही. डोकं सतत जड असायचं तिचं. रविवारी येच, म्हणून मीच मागे लागले होते.

आणि त्या रविवारी मी चहा गाळत असताना तिचा फोन उजळला.

‘आई, पुण्याला चाललोय. कल्याणला गाडी बदलायची आहे. दोन वाजेपर्यंत स्टेशनवर आहोत. बाळाला बघायचं असेल तर ये. नसेल तर राहू दे.’

साडेअकरा होत आले होते. डोंबिवली ते कल्याण किती लांब आहे? रिक्षाने गेली असती तरी पोचली असती. नलू बाहेरच बसली होती, कोथिंबीर निवडत. मी फोन उचललाही. दारापर्यंत गेले. तिथे सुचलं — काय सांगू? मेसेज आलाय म्हणू? म्हणजे मी वाचते हे सगळ्यांना कळणार. फोन वाजला होता असं खोटं सांगता आलं असतं. ‘जरा बघ गं’ एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. आज हे सगळं सुचतं. तेव्हाही सुचलं नसेल का?

मी परत फिरले, तिचा फोन परातीत पालथा ठेवला आणि चहा घेऊन बाहेर गेले. दोन वाजेपर्यंत मी तिच्या शेजारीच बसून होते. आम्ही जेवलो. तिने मला पुन्हा वरण वाढलं.

संध्याकाळी तिने फोन घेतला, वाचला आणि खाली बसली. लगेच लावला तर अश्विनीने उचलला नाही. आठवड्याने उचलला, तेव्हा आईने मेसेज वेळेत पाहिलाच नाही हे तिला पटेना. आई, तू कधी फोन सोडत नव्हतीस, आणि नेमका त्याच दिवशी? मग नलूने फोन माझ्या हातात दिला. “तू सांग गं तिला.”

मी सांगितलं. फोन माझ्याकडेच होता, आईला खरंच माहीत नव्हतं.

“आणि मावशी, तुम्हीही मेसेज पाहिला नव्हता?” अश्विनीने विचारलं.

“नाही,” मी म्हटलं.

मग ती म्हणाली, “बरं.”

आता त्या दोघी बोलतात, सणावारी, बेताचं. अश्विनी अजून आलेली नाही. बाळ चालायला लागलं ते नलूने व्हिडिओवर पाहिलं. रविवारचा आमचा कार्यक्रम चालू आहे, फोन आता घरीच ठेवून यायचे असा नियम मी केलाय. नलू येत नाही. आंघोळीला जातानाही ती फोन बाथरूमबाहेर स्टुलावर ठेवते, आवाज मोठा करून. झोप लागत नाही म्हणते.

परवा जिन्यात भेटली, तेव्हा म्हणाली, “तुझ्याकडे फोन ठेवला, माझंच चुकलं ना गं?”

“नाही गं, तुझं काय चुकलं,” मी म्हटलं, आणि तिच्या हातातली पिशवी घेऊन वरपर्यंत गेले.