मिरजेच्या पुलावरची चार मिनिटं

"मिरजेत गाडी बदलायला चार मिनिटं लागतात. मध्ये सात मिनिटांचा गॅप आहे. मग अडचण काय आहे?" सर स्क्रीनकडे बोट दाखवत म्हणाले.

सर म्हणजे आमच्या पुण्यातल्या कन्सल्टिंग फर्मचे डायरेक्टर. मी तिथे ट्रान्सपोर्ट मॉडेलर. सांगली-मिरज शहरांची रेल्वेसेवा कशी सुधारावी, यावर आमचा रिपोर्ट चालला होता. सांगलीत अधिकाऱ्यांसमोरची मीटिंग परवावर आलेली. रिपोर्टातली एक शिफारस अशी होती, की साताऱ्याकडून येऊन मिरजेवरून पुढे कोल्हापूरच्या दिशेला जाणारी सकाळची पॅसेंजर मिरजेतच तोडायची. पुढे जाणाऱ्यांनी उतरून दुसरी गाडी पकडायची.

"अडचण भिलवडीत राहते, सर," मी म्हणाले. त्यांना ते आवडलं नाही.

आमचं मॉडेल समजायला सोपं आहे. प्रत्येक लाईनचा नकाशा वेगळ्या पारदर्शक कागदावर काढा. पुण्याच्या लाईनचा एक, कोल्हापूरचा एक, बेळगावचा एक. हे झाले लेयर. कागद एकावर एक ठेवले की मिरज सगळ्यांवर एकाच जागी येतं. तिथे सुई टोचून दोरा ओवा. तो दोरा म्हणजे ट्रान्सफर लिंक, म्हणजे या गाडीतून उतरून त्या गाडीत बसणं. त्या दोऱ्यावर किती मिनिटं लागतात ते लिहायचं. पुढचं सगळं कॉम्प्युटर करतो. मिनिटं चुकीची असली तरी तो तितक्याच इमानदारीने करतो.

भिलवडीतली अडचण म्हणजे आनंदराव. फौजेतून नाईक हुद्द्यावर निवृत्त झालेले, डावा पाय गुडघ्याखाली कृत्रिम. मिरजेच्या अलीकडच्या भिलवडीहून पलीकडच्या जयसिंगपूरला जायचे, तिथल्या एका कारखान्याच्या गेटवर नोकरीला. काही आठवड्यांपूर्वी सर्व्हेसाठी मी त्या पॅसेंजरमध्ये बसले तेव्हा समोरच्या बाकावर तेच होते. गाडी तोडायचं चाललंय, असं मी सांगितलं.

"आवं मॅडम, आठाला गेटवर न्हाई दिसलो तर दुसरा मानूस तयार हाय त्यांच्याकडं. ती गाडी चुकली तर पुढची कवा?"

"दोन तासांनी."

"मग नोकरी गेलीच म्हना की."

त्यानंतरच्या रविवारी, सुट्टीच्या दिवशी, ते माझ्यासाठी मिरजेला आले. मोबाईलवर स्टॉपवॉच लावून आम्ही पुलावरून एका प्लॅटफॉर्मवरून दुसऱ्यावर गेलो. मधल्या टप्प्यावर ते थांबले, वाकून पायाचा पट्टा सारखा केला. समोरून गर्दी आली तेव्हा कठडा धरून पुन्हा थांबले. अकरा मिनिटं लागली.

"लय येळ लावला का मी?" त्यांनी विचारलं.

मी नाही म्हणाले. दुसरं काय म्हणणार.

हे सगळं मी त्या दिवशी स्क्रीनसमोर सरांना सांगितलं. सर म्हणाले, "हा एक डेटा पॉइंट झाला. मॉडेल ॲव्हरेजवर चालतं."

"कुणाचं ॲव्हरेज? ही चार मिनिटं मोजली कुणी?"

"फाईलमध्ये आहेत. आजवर कुणी हरकत घेतलेली नाही."

माझं डोकंच फिरलं. एका माणसाची भाकरी जाणार होती आणि उत्तर काय, तर फाईलमध्ये आहे. मी त्यांच्यासमोरच असम्प्शन शीट उघडली. ही गृहीत धरलेल्या आकड्यांची यादी. रिपोर्टच्या शेवटी असते, कुणी वाचत नाही. मिरज, ट्रान्सफर, चार मिनिटं. शेजारी शेरा, 'तात्पुरतं. जाऊन मोजणे.' त्याखाली नाव माझं होतं.

तीन वर्षांपूर्वीच्या दुसऱ्याच कामाची ती फाईल. डबा खायला उठण्याआधी मी तो आकडा ठोकून दिला होता. मग फाईल कॉपी होत गेली आणि तात्पुरतं कायमचं झालं. मी याच लाईनवरच्या कोरेगावची. कोल्हापूरला कॉलेजात असताना थेट गाडी चुकली की मिरजेत बदलायला बॅगा ओढत तो पूल कितीदा ओलांडला होता. तरी चार लिहिले. स्वतःच्या कानफटात मारावी असं वाटलं.

"म्हणजे आकडा तुमचाच," सर हसले आणि लॅपटॉप मिटला. ते हसू आठवलं की अजून डोकं तडकतं.

सांगलीला जाताना त्यांनी गाडीत बजावलं, "प्रश्न आले तर मी बोलेन." मिरजेची स्लाईड आली. ज्यांच्यासाठी हा रिपोर्ट होता ते अधिकारी मान डोलावत होते. मी उभी राहिले.

"साहेब, ही चार मिनिटं कुणी मोजलेली नाहीत. मी अंदाजाने टाकली होती. यावर गाडी तोडू नका."

"मग रिपोर्टात छापलीत कशाला?"

"चूक माझी आहे."

"आणि तपासलं कुणी?"

सर पाणी प्यायला लागले.

शिफारस रद्द झाली. पॅसेंजर अजून थेट जाते, आनंदराव अजून आठाला गेटवर असतात. मला त्या प्रोजेक्टवरून काढलं. महिन्याभराने सरांचा फोन आला.

"तुमची अकरा मिनिटं सगळ्या स्टेशनांना टाकली आहेत आम्ही. आता कुणाची कटकट नको."

मी फाईल मागवून पाहिली. कोरेगावलाही अकरा मिनिटं होती. तिथे बदलायला दुसरी लाईनच नाही. मी फोनवर त्यांना काय बोलले ते इथे लिहिता येत नाही.

आता ती फर्म सोडली. माझ्या शीटमध्ये प्रत्येक आकड्यापुढे एक जादा कॉलम असतो, कुणी चालून मोजलं त्याचा. तो रिकामा असेल तर मी रिपोर्ट पाठवत नाही. मिरजेपुढे लिहिलंय, आनंदराव, दोनदा थांबून.