आधी चहा, मग ब्लडप्रेशर

बाळांनो, तुमच्या आत्याआजींइतकी हक्काने दुसऱ्याला आजारी पाडणारी बाई उभ्या कोल्हापुरात नसेल. त्या नर्सिंगच्या मुलींना शिकवत. परक्याच्या घरी जाऊन, त्याच्या रीतीभाती सांभाळून त्याची शुश्रूषा कशी करावी, हा त्यांचा विषय. आणि त्यासाठी लागणारं परकं घर त्यांनी माझंच ठरवलं होतं. दर गुरुवारी मी धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत असायची, तोच माझी ही धाकटी नणंद पाच-सहा मुली घेऊन दारात हजर. "वहिनी, आज तुमाला शुगर हाय, पाय सुजल्यात. कण्हा जरा." मी कण्हायची. मुलींनी चपला कुठे काढल्या, बसण्याआधी विचारलं का, बोलताना डोळे मोबाईलकडे गेले का, सगळ्याला मार्क. एकीने आल्या आल्या माझ्या दंडाला पट्टा गुंडाळला, तर आत्याआजी म्हणाल्या, "अगं, माणूस हाय का टेम्पोचं टायर? लगीच हवा भराय लागलीस."

त्यांचा पहिला नियम, आधी चहा, मग ब्लडप्रेशर. आपल्याकडे चहा नको म्हटलं की घरचं माणूस मनाचं दार लावून घेतं, असं त्या सांगत. चहा नाकारणारी मुलगी नापास.

त्यांच्या नोकरीच्या शेवटच्या वर्षी परीक्षा लांबली आणि गडबडीत दिवस मावळलेला कुणाच्या ध्यानात आला नाही. शेवटी जयसिंगपूरची एक अबोल मुलगी आली. तिने माझे पाय हळुवार तपासले, पथ्याची चौकशी केली, पण चहाचा कप नुसता हातात धरून बसली.

"पी की," आत्याआजी म्हणाल्या. मुलीने मान खाली घातली. पुन्हा आग्रह झाला, पुन्हा तेच. आत्याआजींनी 'नापास' लिहिलं. तिला गावाकडच्या दवाखान्यात नोकरी ठरली होती; ती आता हातची जाणार होती.

न राहवून मीच विचारलं, "का गं नाही प्यायलीस?"

"आजी, आम्ही जैन. दिवस मावळल्यावर मी पाणीबी घेत न्हाय. पण नको म्हटलं तर तुमाला वाईट वाटलं असतं, म्हणून धरून बसले."

आत्याआजींनी मार्कांचा कागद पुन्हा पुढे ओढला. "जलम गेला पोरींस्नी सांगण्यात, समोरच्याला आधी इचारा म्हणून," त्या म्हणाल्या. "आन् मीच इचारलं न्हाई की." त्यांनी 'नापास' खोडून तिला पैकीच्या पैकी मार्क दिले आणि तिच्या हातातला गार चहा स्वतः पिऊन टाकला.

आता त्या निवृत्त झाल्या आहेत. गुरुवारी एकट्याच येतात आणि दारात थांबून विचारतात, "वहिनी, बसू न्हवं?" हे त्यांचं माहेर. इथे त्यांनी कधी काही विचारलं नव्हतं. खरं सांगते, मला त्यांचं न विचारता येऊन बसणंच आवडायचं. परवा त्यांनी असंच विचारलं, तेव्हा मी पाय धरून जरा कण्हले. तेव्हा कुठे हसल्या, आणि चहा ठेवायला सरळ स्वयंपाकघरात शिरल्या.