फिलोमिनाची पाठ आणि माझी साक्ष

हे सांगायचं मी फार वर्षं टाळलं. दर उपवासकाळात ठरवायचो आणि ईस्टर झाला की विसरल्याचं सोंग घ्यायचो. आता ऐंशी उलटली. सोंग पुरे.

डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे दिव्यासमोर धरला आणि माझ्या बायकोला, फिलोमिनाला, विचारलं, "पाठ कधीपासून दुखतेय?"

तिने आधी माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, "ईस्टरपासून."

तेव्हा नाताळ तोंडावर आला होता.

"मेटास्टॅसिस दिसतंय," डॉक्टर म्हणाल्या. म्हणजे एका जागचा कॅन्सर दुसरीकडे पसरणं. छातीतला मणक्यात उतरला होता. "इतके महिने कोणाला बोलला नाहीत?"

ती का बोलली नाही ते मला ठाऊक होतं. तेच इथे लिहितो आहे.

मी वसईत शाळामास्तर. होळी नावाच्या भागाच्या बाजूला आमची लहानशी वाडी, त्यात अळू, वाल, थोडा मोगरा. फिलोमिना कोळीवाड्यातली, 'कारण'ला 'कारन' म्हणणारी. मी जन्मभर तिचं बोलणं सुधारत राहिलो आणि ती जन्मभर मला "मास्तर" म्हणून चिडवत राहिली.

आदल्या वर्षी तिच्या छातीत गाठ निघाली. मास्टेक्टॉमी झाली, म्हणजे स्तन काढला. मग केमोथेरपी, शिरेतून सोडायचं औषध. केस गेले, तोंडाची चव गेली. शेवटी डॉक्टर म्हणाल्या, "रेमिशन आहे." रेमिशन म्हणजे आजार तपासणीत सापडत नाही. गेलाच असं नाही. दर तीन महिन्यांनी या, असं त्यांनी कागदावर लिहून दिलं.

तो कागद खिशात ठेवून मी प्रार्थनासभेत साक्ष दिली. आमच्याकडे देवाने आपल्यासाठी काय केलं ते माणूस सभेत उठून सांगतो, ती साक्ष. मी माईकवर म्हणालो, "माझी बायको पूर्ण बरी झाली." टाळ्या झाल्या. लोक रडले. फिलोमिना पहिल्या रांगेत डोक्यावरचा रुमाल सावरत बसली होती.

घरी येताना म्हणाली, "तीन महिन्यांनी बोलावलंय, ते नाही सांगितलं तुम्ही."

"मनात शंका ठेवून देवाकडे मागायचं नसतं."

"मग देवाचं प्रगतिपुस्तक पन तुम्हीच भरा, मास्तर."

तपासणीला आम्ही गेलो नाही. जाणं म्हणजे अविश्वास, हे मी ठरवलं होतं. उलट मी गावोगावच्या आजाऱ्यांना घरी आणू लागलो. "ही बघा," म्हणायचो. ती दाराची चौकट धरून हसायची. चौकट का धरतेस, हे मी विचारलं नाही. जुनं लुगडं कमरेला आवळून ती वाफे शिंपायची. "वाकून वाकून पाठ धरली," एवढंच बोलायची. दुखतंय म्हणाली असती तर मी सगळ्या गावासमोर खोटा पडलो असतो. तिने माझी अब्रू सांभाळली, आपल्या मणक्यावर.

एका सकाळी ती अळूच्या वाफ्यात खाली बसली आणि तिला उठता येईना.

पुढे बोन स्कॅन. आधी इंजेक्शन देतात, औषध हाडांत भिनायला काही तास जातात, मग यंत्राखाली झोपवून चित्र काढतात. ते तास काढायला बाहेरच्या बाकावर बसलो, तिथे मी भडकलो. "रोज मेरीआईची माळ ओढतो आपण. काय कारण आहे याचं? त्याने सांगायला नको?"

"मेरीआईला कुठं कोनी कारन सांगितलं?" ती म्हणाली. "ती लेकाच्या कुरसाखाली उभी राहिली. मी इथं हाय, देव पन हाय. मला पुरे. तुम्ही ओरडू नका, ती नर्स बघते."

मी डॉक्टरांना गाठून विचारलं, आधी आणलं असतं तर? त्या म्हणाल्या, "जगल्या असत्या का, ते मला सांगता येणार नाही. दुखणं मात्र नक्की कमी करता आलं असतं."

ती गेली. तिच्या मातीनंतर सभेत टाळ्या वाजवणारेच हळूच म्हणू लागले, तिची श्रद्धा कमी पडली. मला त्यांची गचांडी धरावीशी वाटली. पण त्यांना ही भाषा माईकवरून मीच शिकवली होती. मी मान खाली घालून ऐकून घेतलं. त्या गप्प बसण्याची चीड अजून जात नाही.

घरात कोणी आजारी असेल तर एवढं ऐका. रेमिशनला 'बरी' म्हणू नका. तपासणी चुकवू नका. आणि आजाऱ्याजवळ देवाच्या वतीने कारणं घेऊन जाऊ नका. देवाने तसं काम कोणाला दिलेलं नाही. माळ म्हणताना ख्रिस्ताच्या दुःखाचे जे प्रसंग आठवायचे, ती दुःखाची रहस्यं मी वर्षानुवर्षं मुलांना समजावून सांगितली. आता नुसती म्हणतो. ती का गेली, लवकर नेलं असतं तर राहिली असती का, हे मला कळत नाही आणि कळणारही नाही. या न कळण्यात ती शांतपणे बसू शकत होती. मी अजून धुसफुसतो, पण उठून जात नाही.

तिच्या शेवटच्या आठवड्यात फादर येऊन आजाऱ्याला लावायचं पवित्र तेल लावून गेले. मॉर्फिन चालू होतं, वेदना मारणारं औषध. ती जरा सावध होती. मी खाटेजवळ बराच वेळ ओठ हलवत बसलो होतो.

"बोला काय ते, मास्तर," ती म्हणाली. "मी झोपले नाही."

मी म्हणालो, "नारळपाणी देऊ?"

तिने थोडा वेळ माझ्याकडे बघितलं आणि "द्या" म्हणाली.

म्हणायचं होतं ते हे: फिलू, दुखतंय हे मला सांगता यावं, असा नवरा मी तुला झालो नाही. सभेत मी खोटं बोललो. चूक माझी, माफ कर.