गोटी सोड्याची दुसरी बाटली

मित्रहो, गोटी सोड्यातल्या गोटीविरुद्ध माझी गंभीर तक्रार आहे. आज सात रस्त्याजवळ बाटली तोंडाला लावली, की ही गोटी घरंगळत येऊन साक्षात कंठावरोध करायची.

गाडीवरच्या मावशी हसल्या. “काका, बाटलीचा खळगा खालच्या अंगाला धरा की! गोटी तितं अडकती.”

अडकली, आणि आल्याचा सोडा थेट नाकात! म्हटलं, एक बाटली वडिलांना नेतो. ते अंथरुणाला खिळलेत, आणि सकाळपासून हाच सोडा मागताहेत.

मावशी म्हणाल्या, “बाटली न्यायची न्हाय. घरनं तांब्या आणा, भरून देते.”

घर मागच्याच गल्लीत. तरी मी तिथंच दुसरी बाटली मागवली आणि सावकाश प्यायलो.

खरं सांगतो, मला घरी जायचंच नव्हतं. हल्ली रोज असं होतं. वडिलांच्या दुखण्यापेक्षा मला याचीच जास्त काळजी वाटते.