मले सांगू नोका

"मले सांगू नोका!" असं ओरडून कानांवर हात ठेवणारा आणि वर मोठ्यानं कव्वाली म्हणणारा पेट्रोल पंपवाला तुम्ही पाहिलाय का? नसेल, तर तुम्ही चांदूर रेल्वेला कधी पेट्रोल भरलेलं नाही.

सगळे त्यांना चाचा म्हणत. पंपावर कार्डाचं मशीन त्यांच्याकडे असे. रक्कम टाकली की ते मशीन गिऱ्हाइकाच्या हातात देत, "आकडा वाचा पह्यले," म्हणत आणि पाठ फिरवत. पण आपली माणसं कशी आहेत, तुम्हाला ठाऊकच आहे. "तुमीच टाका ना चाचा, चार आकडे त हायेत!" म्हणत ती अख्ख्या रांगेदेखत पिन सांगायला लागत. मग कव्वाली. सुराशी तिचा काही संबंध नसे.

चाचा मुळात शिंपी. रेडिमेड कपड्यांनी दुकान बसलं म्हणून पंपावर आले. "तीस वर्सं गावाच्या कमरा मोजल्या सर," ते मला म्हणत, "कोनाची केवढी, कोनाले बोललो नाही. कमरेचं माप अन् हे चार आकडे, ज्याचे त्याच्यापाशीच बरे."

पंपावर मशीनला रेंज मिळायची ती कडुलिंबाखालीच. पण कार्ड घेऊन चाचा एकटे तिकडे कधी गेले नाहीत. एक साहेब एसी गाडीत बसून काचेतून कार्ड बाहेर धरत, त्यांनाही उतरवून उन्हातून चालवत नेलं. "कार्ड अन् मालक संगं पायजेत." साहेब जाम चिडले. चाचांना त्याचं काही नाही.

एकानं कार्डाच्या पाठीवरच पेनानं पिन लिहून ठेवला होता. चाचांनी फडकं पेट्रोलात बुडवलं आणि डोळे मिटून तो पुसून टाकला.

"आता मले याद कसा राहीन?" तो रडकुंडीला आला.

"बायकोचं नाव कुटी लिवून ठेवलं हाये? ते याद हाये ना?"

आता माझा पराक्रम ऐका. मी शाळेत गणित शिकवायचो, आणि पिन ओरडून सांगायची खोड मलाही होती. एका सोमवारी माझ्या खात्यातून पैसे गेले. मी तणतणत पंपावर गेलो आणि सगळ्यांसमोर म्हणालो, "चाचा, माझा नंबर तुमच्याशिवाय कोणाला माहीत?"

पंपाचे मालक बाहेर आले. "मशीन इकडं आना," म्हणाले. चाचांनी मशीन दिलं. हात रिकामे झाल्यावर ते एकदम म्हातारे दिसले.

"सर," ते हळूच म्हणाले, "तुमी नंबर सांगत होते तवा मी काय करत होतो?"

रांगेतून कोणीतरी ओरडलं, "कव्वाली म्हनत होते! आमचे कान अजून वाजून राह्यले!"

अख्खा पंप हसला, आणि मला आठवलं. सकाळीच 'बँकेतून बोलतोय' म्हणणाऱ्या एका गोड आवाजाला मी कार्डाचा नंबर, पिन, सगळं पाढ्यासारखं म्हणून दाखवलं होतं. गणिताचा मास्तर! मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिथेच कबूल केलं, हात जोडले.

परत मिळालेलं मशीन फडक्यानं पुसत चाचा म्हणाले, "त्या फोनवाल्याले गानं येत असतं त बरं झालं असतं."

पुढे चाचांच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलं. मी अकोल्याच्या दवाखान्यात भेटायला गेलो, तेव्हा पैसे भरून घ्यायला एक मुलगी मशीन घेऊन खाटेपाशी उभी होती. चाचांचा हात थरथरत होता. नंबर दोनदा चुकला. तिसऱ्यांदा चुकला असता तर कार्ड बंद, आणि ऑपरेशन दुसऱ्या दिवशी सकाळी.

"सर, तुमी टाका. सांगतो."

मी खरंच कानांवर हात ठेवले. "चाचा, मला सांगू नका!"

"हात काढा. तुमाले सांगून राह्यलो, जगाले नाही."

मी त्या मुलीला पाठ फिरवायला लावली. ज्या माणसाला मी चारचौघांत चोर ठरवलं होतं, त्यानं माझ्या कानात चार आकडे सांगितले. मी ते एकेक करून दाबले, एकही चुकला नाही.

ऑपरेशन निभावलं. दोन वर्षांनी चाचा गेले. त्यांच्या मुलीनं ते खातंही बंद केलं.

परवा बायकोनं सहज विचारलं, "काय होता हो चाचांचा नंबर? आता सांगायला काय हरकत आहे?"

मी कानांवर हात ठेवले आणि मोठ्यानं कव्वाली म्हणायला लागलो. डोळ्यांत पाणी आलं आणि सूर काही लागला नाही. चाचांचाही कधी लागला नव्हता.